बिब्ब्याच्या फुल्या

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण दिंडोरी तालुक्यातलं ते दगडांचं प्रकरण अजूनही जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नावं सांगणार नाही. ती माणसं तिथंच नांदताहेत.

एका द्राक्ष बागायतदाराच्या घरावर भरदुपारी दगड पडत. पत्रा दणाणे, बाहेर येऊन पाहावं तर कोणी नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या उमटत. एका पेपरानं 'भानामतीनं गाव हादरलं' असं ठळक छापलं आणि ट्रॅक्टर भरभरून लोक बघायला येऊ लागले.

आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण सकाळच्या हजेरीला बीट हवालदारानं खबर आणली, "साहेब, गावानं शेजारच्या म्हातारीवर ठपका ठेवलाय. अमावास्येच्या आत तिला गावाबाहेर काढणार. लोक पेटलेत."

स्टेशन डायरीत नोंद केली, एक महिला शिपाई बरोबर घेतली आणि जीप काढली.

म्हातारी एकटी, विधवा, बागांमधून निंदणी करणारी. तिचं छप्पर त्या घराला लागूनच. जबाब घ्यायला बसलो तर तीच मला विचारू लागली, "येवढी इद्या मला आली असती साहेब, तर आधी माझा गुडघा बरा केला नसता का?"

गर्दीतून एकजण ओरडला, "ही लय बेरकी हाय, साहेब!"

"तुझी नाळ मीच कापली रं," म्हातारी म्हणाली, "तवाच चुकलं माझं."

पंचनामा करताना लक्षात आलं, दगड सगळे पत्र्याच्या मागच्या अंगाला पडलेले. तिकडे घराचं परस, भोवती उंच कुंपण. म्हणजे फेकणारा घरातलाच.

ओसरीवर बसलो. बारावीत शिकणारी घरची मुलगी पाणी घेऊन आली. तांब्या तिनं डाव्या हातानं पुढे केला.

"उजवा हात मोडलाय का गं?" आई खेकसली.

उजवा हात ओढणीत गुंडाळलेला होता. माझी आई टाचेच्या भेगांना बिब्बा लावायची. तो अंगावर उतला की कसे फोड येतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. बापाला बाहेरच थांबवलं. आई आणि महिला शिपाई यांच्यासमोर मुलीला म्हटलं, "हात दाखव, बाळ."

बोटं फोडांनी भरलेली.

"दोन स्थळं परत गेली, साहेब," ती रडत म्हणाली. "भानामतीच्या घरातली पोरगी कोण करतं? मला परीक्षा द्यायचीय. पण शेजारच्या आजीचं नाव येईल, असं वाटलं नव्हतं हो."

आईनं कपाळावर हात मारला. "साहेब, आतल्या आत मिटवा. आमची अब्रू जाईल."

मी स्पष्ट सांगितलं, "मी गुपचूप निघून गेलो तर दगड थांबतील. पण गाव म्हणेल, म्हातारी पोलिसांना भ्याली म्हणून थांबले. ती कायमची भानामतीवाली ठरेल. पोरी, खरं तूच गावापुढे सांगावंस, पण तुझ्यावर बळजबरी करणार नाही."

मुलीनं डोळे पुसले आणि सरळ पारावर गेली. सगळा गाव जमलेला. फोड आलेला हात वर करून म्हणाली, "दगड मी मारले. फुल्या मी काढल्या. आजीनं काहीच केलं नाही."

बापानं हात उगारला. म्हातारी मध्ये पडली. "हात तर लावून बघ! सारं गाव मला हाकलत व्हतं, तवा एकटी ही बोलली." मग पोरीकडे वळून, "येडे, बिब्बा सुईला टोचून धरायचा आसतो. येवढंबी नाय ठाव?"

लोक हसले आणि तिथली आग विझली.

अदखलपात्र नोंद केली, बापाला आणि मुलीला समज दिली. मुलगी परीक्षेला बसली. पेपरात खुलासा आला, पण आतल्या पानावर, बोटभर.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि त्याचा मला अभिमान आहे. शिकण्यासाठी मी बापाशी उघड भांडलो. मुलगा होतो म्हणून ते खपलं. तिला ती सोय नव्हती. तिची वाट चुकीची होती, हे मी तिला सांगितलं. पण चौकशीच्या खोलीत मी एक पाहिलंय: पुरावा समोर ठेवला की माणूस बोलतो, आणि बोलताना आधी दुसऱ्याचं नाव घेतो. सुटायची वाट मोकळी असताना दुसऱ्यावरचा आळ पुसायला भर गावात उभं राहणारं माणूस मला साऱ्या नोकरीत एकदाच भेटलं. तिला समज देताना माझाच आवाज खाली आला होता.