नूडल थांबत नाही

शनिवारी साडेअकराला आम्ही शारजातून निघालो आणि सव्वाबारा वाजता शारजातच होतो. माझी लेक अदिती गाडी चालवत होती. मागे मी आणि सात वर्षांची नात मीरा. पुढच्या सीटवर श्रीयुत, म्हणजे माझे यजमान, लेकीला लेन कधी बदलावी ते सांगत होते. त्यांना स्वतःला गाडी येत नाही. नोकरी दुबईत आणि बिऱ्हाड शारजात, कारण तिथे भाडं कमी, असे इथले निम्मे संसार. भाड्यात जे वाचतं ते या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये आयुष्यातून वजा होतं. जावई कामासाठी अबुधाबीला गेला होता. तो सुटला.

आम्ही चाललो होतो दुबईतल्या अल बर्शाला, चिनी जेवायला. वसईहून विमानात बसून आखाती देशात यायचं आणि तिथे चिनी खायचं, यावर श्रीयुत दोन दिवस बोलत होते. त्यांच्या मते चायनीज म्हणजे गाडीवरचं लालभडक शेजवान, आणि ते आमच्या नाक्यावर उत्तम मिळतं. पण बोलावणं बस्त्यावचं होतं, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

बस्त्याव वसईतला आमचा शेजारी. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो, नाताळाला न चुकता ताट पाठवायचा. गेली अकरा वर्षं तो इथल्या एका कँटनी हॉटेलात वाँटन वळतो. वाँटन म्हणजे कोळंबीचं सारण भरून पातळ पारीची बांधलेली पुरचुंडी. ती नूडल्सच्या वाडग्यात घालतात. तिथल्या म्हाताऱ्या मुख्य आचाऱ्याला सगळे सिफू (उस्ताद) म्हणतात. नूडल्सच्या पातेल्याला सिफूने तीस वर्षांत दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. आता तो कायमचा गावी चालला होता.

आदल्या दिवशी फोनवर बस्त्यावने सगळं सांगितलं होतं. शनिवारी दुपारी पातेलं त्याच्या हातात असणार. सिफू त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, तो फक्त गिऱ्हाइकांचे वाडगे बघणार. वाडगे रिकामे झाले तर पातेलं बस्त्यावचं. नाहीतर मालक बाहेरून आचारी आणणार, तो आपली माणसं घेऊन येणार, आणि बस्त्याव वसईला परत.

"ताई, तुम्ही याच," तो म्हणाला. "आपली माणसं समोर बसली की माझा हात थरथरत नाय."

अल बर्शात मॉलच्या मागच्या गल्लीत, धोब्याच्या दुकानाला लागून ते हॉटेल सापडलं. दार उघडलं आणि मी जागीच थांबले. आत सुक्या मासळीचा वास घमघमत होता. आमच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात तेव्हा येतो तो. हा रस्सा सुके मासे आणि कोळंबीची टरफलं तासन्‌तास उकळून करतात, असं बस्त्याव म्हणायचा ते आठवलं. अकरा वर्षं हा माणूस इथे का टिकला ते मला तेव्हा नाकानेच कळलं. श्रीयुतांनी मात्र खिशातून रुमाल काढला.

जागा नव्हती. वाढपिणीने आम्हाला एका चिनी आजीबाईंच्या टेबलावर बसवलं. अनोळखी माणसांनी एका टेबलावर दाटीवाटीने जेवायचं ही इथली रीतच आहे. चहाची किटली आली. आजीबाईंनी चहा वाडग्यात ओतला, त्यात चमचा खळबळला आणि चहा बाजूच्या मोठ्या भांड्यात फेकून दिला. म्हणजे तो भांडी विसळायचा चहा होता. हे मला समजेपर्यंत श्रीयुतांनी आपल्या वाडग्यात चमचा विसळून तो चहा पिऊन टाकला होता आणि जरा पांचट आहे, असं मतही दिलं होतं.

काचेपलीकडे बस्त्याव दिसत होता. जाळीच्या झाऱ्यात नूडल्स घ्यायच्या, उकळत्या पाण्यात बुडवायच्या, वर काढून गार पाण्यात, पुन्हा गरमात, आणि वाडग्यात. मान वर करायला त्याला सवड नव्हती. त्याच्याकडे पाठ करून सिफू भिंतीला टेकून उभा होता, गंजीफ्रॉकवर, खांद्यावर पंचा टाकून.

पहिला वाडगा श्रीयुतांपुढे आला. वाडगा कसला, आमच्याकडची आमटीची वाटी. वर नूडल्स, आणि कोळंबीचा पत्ता नाही. "विसरला वाटतं तुझा बस्त्याव," श्रीयुत पुटपुटले. पुरचुंड्या तळाशी असतात आणि नूडल्स वर, म्हणजे नूडल्स रश्श्यात भिजून फुगत नाहीत, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मीराने चमचा पुढे केला. मी तिचा हात धरला.

"सगळ्यांचं येऊ दे."

आमच्या घरी हा नियम आहे. सगळी पानं वाढून झाल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही. माझ्या सासरी होता, माहेरी होता, अदितीच्या शारजातल्या फ्लॅटमध्येही आहे. मीराचा वाडगा पाच मिनिटांनी आला, कारण मध्ये दुसरी टेबलं होती. मग अदितीचा. माझा सर्वांत शेवटी. त्यानंतर श्रीयुतांना आठवण झाली की नातीने श्लोक म्हणायला हवा.

"आजोबा, आय फर्गॉट द सेकंड लाइन," मीरा म्हणाली. मग दुसरी ओळ शिकवण्यात आणखी वेळ गेला. शेजारच्या आजीबाई एव्हाना जेवून, तोंड पुसून, आमच्याकडे हताशपणे बघून निघून गेल्या होत्या.

श्रीयुतांनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. वाडग्यात रस्साच उरला नव्हता. तो पिऊन नूडल्स टम्म फुगल्या होत्या. मध्येच दोन फोन घेऊन परत येईपर्यंत शेवयांच्या खिरीचा होतो, तसा लगदा. मीराने नाक मुरडलं, अदितीने वाडगा सरकवला. मी मान वर केली तर सिफू आमच्या टेबलाशी उभा होता आणि चार भरलेले वाडगे बघत होता. काचेपलीकडे बस्त्यावच्या हातातला झारा थांबला होता. त्याचा हात थरथरू नये म्हणून आलेले आम्ही, त्याच्या अकरा वर्षांवर पाणी ओतून बसलो होतो.

मी उठून उभी राहिले. तीस वर्षं इथल्या हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांत राहिलेल्या सिफूला मोडकं हिंदी येतं हे बस्त्यावने सांगितलं होतं, आणि माझं हिंदीही तेवढंच मोडकं, त्यामुळे आमचं उत्तम जमलं.

"गलती उसका नहीं, हमारा है," मी म्हणाले. "सबका आने तक हम लोग खाता नहीं."

"क्यों?"

श्रीयुतांनी मॅनर्स असं काहीतरी सुचवून पाहिलं.

"नूडल को मॅनर्स मालूम नहीं," सिफू म्हणाला. "नूडल रुकता नहीं. दो मिनिट, खलास." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "घर में लास्ट कौन खाता?"

"मैं."

"गरम?"

सगळ्यांना वाढून झालं की उरलेली पोळी आणि निवलेली आमटी घेऊन बसायचं, याला मी तेहतीस वर्षं जेवण म्हणत आले होते. त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं. त्या क्षणी मात्र एका परक्या म्हाताऱ्यापुढे उभी असताना मला स्वतःचा भयंकर राग आला.

सिफूने आत वळून एक शब्द टाकला. बस्त्याव कामाला लागला. या वेळी एकच वाडगा आला आणि तो सिफूने माझ्यापुढे ठेवला.

"खाओ."

सवयीने मी श्रीयुतांकडे बघितलं.

"आई, तिकडे काय बघतेयस? जस्ट ईट," अदिती म्हणाली.

मी खाल्लं. नूडल्स दाताखाली तटतट तुटत होत्या आणि त्यांना पापडखाराचा पुसट वास होता. कोळंबी गोड होती. रस्सा जीभ पोळेल इतका गरम होता आणि तो मला आमच्या किनाऱ्यावर नेऊन सोडत होता. तिघं रिकाम्या हातांनी माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी भुरके मारत होते. डोळ्यांत पाणी आलं. वाफेने आलं असं मी अदितीला सांगितलं, ते खोटं होतं. शेवटी वाडगा तोंडाला लावून तो कोरडा केला.

सिफूने तो उचलला, तळ बघितला आणि आत गेला. खांद्यावरचा पंचा काढून त्याने बस्त्यावच्या खांद्यावर टाकला. मग बाहेर येऊन आमच्याच टेबलावर, आजीबाईंच्या रिकाम्या खुर्चीत बसला.

"एक मेरे लिए," त्याने काचेकडे बघून हाक दिली.

वाडगा आला. श्रीयुत, अदिती, मीरा, कोणाचाच नवा वाडगा अजून आलेला नव्हता. सिफू कोणासाठी थांबला नाही. दुसऱ्यांसाठी तीस वर्षं पातेल्यापाशी उभ्या राहिलेल्या त्या माणसाने गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून कधी गरम खाल्लं असेल, असं मला वाटत नाही. त्याने मान खाली घालून थेंबभरही न ठेवता संपवलं. आत बस्त्याव पंच्याने डोळे पुसत होता. मग बाकीच्यांचे वाडगे आले, एकेक करून, आणि ज्याचा आला त्याने खाल्ला. श्रीयुतांचा शेवटी आला. त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि चमचा उचलला.

वसईला परतून आता दोन महिने झाले. पातेल्यापाशी उभ्या बस्त्यावचा फोटो फोनवर आला. उभं राहून पाय दुखतात, अशी तक्रारही आली. दुबईतली ती उंच इमारत बघितलीत का, असं शेजारीपाजारी विचारतात. बघितली. उंच आहे.

गेल्या रविवारी सकाळी घावनांचं पीठ भिजवून मी तवा तापत ठेवला, तर श्रीयुत स्वयंपाकघरात आले, माझ्या हातातला कालथा काढून घेतला आणि मला बस म्हणाले. मी बसले. बऱ्याच खटपटीनंतर पहिलं घावन माझ्या पानात पडलं. मी चटणी येईपर्यंत थांबणार होते.

"खा," ते तव्याकडे बघतच म्हणाले. "थांबत नसतं ते."

घावन तीन ठिकाणी फाटलं होतं. गरम होतं.