काकूंनी पिशव्या पुरल्या

रोपवाटिकेत येणारे सगळे त्यांना काकूच म्हणत, अगदी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. एकोणीस वर्षं त्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत रोपं वाढवत होत्या. एकदा जुना वाफा खणताना फावड्याला पहिल्या वर्षीची एक पिशवी लागली. जशीच्या तशी! काकूंनी ती झटकली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आपण दोघं जाऊ, पण ही राहील."

काका शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांना उद्योग हवाच होता. मातीत नाहीशा होतात असं छापलेल्या चार प्रकारच्या पिशव्या त्यांनी शोधून आणल्या.

"सगळ्या विरघळतात म्हणे."

"म्हणे-बिणे नको. पुरून बघू."

प्रत्येक प्रकारच्या काही पिशव्यांत टोमॅटोची रोपं लावून त्या उन्हात मांडल्या, आणि एकेक रिकामी पिशवी वाफ्यात पुरली. वर काकांनी क्रमांकाच्या खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी नणंद आली. ती ओळ पाहून दारातच थबकली. "वहिनी, कुणाकुणाला पुरलंय?"

पहिली पिशवी स्टार्च मिसळलेली. तिसऱ्याच आठवड्यात पाणी पिऊन ती ढिली पडली. काकूंनी उचलली, तर तळ सुटून सगळी माती चपलांवर. "ही फारच उतावळी," त्या हसत म्हणाल्या.

दुसरी साध्याच प्लॅस्टिकची, पण उन्हात तुटावी म्हणून त्यात काहीतरी मिसळलेली. चार महिन्यांत तिचा पत्ता नाही. काका खूश. "गेली बघ! हिला पैकीच्या पैकी."

काकूंना पटेना. त्यांनी त्या रोपाखालची माती बादलीभर पाण्यात ढवळली. चहाच्या भुकटीसारखे काळे कण वर तरंगले.

"गेली कुठे? बारीक होऊन लपून बसलीय!" काकू म्हणाल्या. काकांनी वहीतले गुण खोडले.

तिसरी मक्याच्या साखरेपासून केलेली. वाफ्यातून काढली तर कालच आणल्यासारखी चकचकीत. काकांनी ती पिशवी बनवणाऱ्या कारखान्यात फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञ बाई सरळ माणूस होत्या. त्या म्हणाल्या, "तिला खताचा मोठा, साठ अंशांपर्यंत तापणारा ढीग लागतो. बागेच्या गार मातीत वर्षानुवर्षं तशीच पडून राहील."

काकूंनी फोन ओढून घेतला. "अहो, मग तसं छापा की!"

मग बाई म्हणाल्या, "खरंय तुमचं." पुढच्या खेपेच्या खोक्यावर ते खरोखर ठळक छापलेलं होतं. काकूंनी ते खोकं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं.

चौथी पिशवी महाग. काकांनी समजावलं, "आपण चरबी साठवतो ना, तसं काही जिवाणू पोटात प्लॅस्टिकसारखा एक पदार्थ साठवतात. त्याचीच ही पिशवी. मातीतले दुसरे जिवाणू ती खातात." पाचव्या महिन्यात रोपाच्या पिशवीला भोकं पडून पांढरी मुळं बाहेर डोकावू लागली. आठव्या महिन्यात वाफा खणला, तर पुरलेल्या पिशवीचा नखाएवढा एक तुकडा उरलेला. माती बादलीत ढवळली. पाणी गढूळ झालं, पण वर काही तरंगलं नाही. काकू वाफ्याच्या कडेला बसून लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत हसल्या.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. रोपवाटिकावाल्यांनी आपल्या बैठकीत काकूंना बोलावलं. भाषण कसलं, त्या बादलीच घेऊन उभ्या राहिल्या. मागून एका मिशाळ गृहस्थांनी विचारलं, "काकू, सगळ्यांत चांगली कुठली ते सांगा, म्हणजे झालं."

"कशासाठी, ते आधी तुम्ही सांगा," काकू म्हणाल्या. "दोन आठवड्यांची भाजीची रोपं असतील तर पहिली, चार महिन्यांचं झाड असेल तर चौथी. आणि तिसरी घ्यायची तर आधी गरम ढीग शोधा."

सभागृह खदखदून हसलं. कारखान्यातून मुद्दाम आलेल्या, पहिल्या रांगेतल्या तंत्रज्ञ बाई सगळ्यांत जोरात.

बैठक संपली तरी लोक हलेनात. घरी चार शब्द बोलायला कंटाळणारे काका कोपऱ्यात सहा जणांना एकाच वेळी जिवाणूंचं पोट समजावत होते. काकू काकांसाठी चहा घेऊन आल्या, पण त्यांना मधे थांबवायचा धीर होईना. तो चहा शेवटी काकूंनीच पिऊन टाकला, ऐकता ऐकता.