मांजरपाटात शिवलेली खोकी

माझा स्वभाव तापट. त्या दुपारी ट्रान्सपोर्टच्या गोदामात माझा राग अप्पांवर, माझ्या वडिलांवर निघाला.

लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावायचं औषध मी बोगादीतल्या शेडमध्ये बनवते. ते पाण्यात मिसळलेलं असतं, पेट घेत नाही. हुबळीच्या एका सुताराने पहिली मोठी ऑर्डर दिली होती, आणि माल उद्या पोचला नाही तर दुसऱ्याकडून घेईन, असं स्वच्छ सांगितलं होतं. कॅन भरून मी चार खोकी केली, प्रत्येकावर ‘धोकादायक नाही’चं लेबल आणि वरची बाजू दाखवणारा बाण चिकटवला. बांधाबांध अप्पांवर सोपवली.

अप्पा शिंपी. चामराजपुरममधलं त्यांचं दुकान वर्षापूर्वी बंद झालं. आमच्याकडे परगावी काहीही पाठवायचं तर मांजरपाटात शिवून. त्यांनी चारही खोकी शिवली, लेबलांसकट. सकाळी टेम्पोत चढवताना मी पाहिली होती. नीटनेटकी दिसतात म्हणून खूशही झाले होते.

गोदामातल्या कारकुनाने एक खोकं हलवलं. आत डुचमळलं. औषध पेट घेत नाही असं लिहिलेला कागद मी पुढे केला, पण तो खोक्याकडेच बघत कन्नडमध्ये म्हणाला, “कागदावर काहीही असेल. मालावर कुठे लिहिलंय? केमिकल अंद्रे केमिकल, मॅडम. या गाडीत तांदूळ आहे. धोक्याच्या मालाची गाडी परवा.”

“ही कधी सुटणार?”

“पाऊण तासात.”

मी अप्पांकडे वळले. “कोणी सांगितलं होतं शिवायला? सगळा विचका करून ठेवलात.”

हमाल थांबून बघू लागले. खिशातून कात्री काढून अप्पा जमिनीवर बसले आणि कापडाखाली लेबलाची कड चाचपू लागले.

“फाडून टाका ना,” मी म्हटलं.

“सुम्मने, उगंच फाडलं तर समदी शिवण उसवती.”

लेबल आणि बाण दिसतील एवढी खिडकी त्यांनी कापली, कडा आत दुमडल्या, कॉलरला टोचलेली सुई काढून टाके घातले. मी कापड ताणून धरलं होतं. तिसऱ्या खोक्याला ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. चौथ्याला दोरा तुटला, तो त्यांना ओवता येईना. मी ओवून दिला.

कारकुनाने वाकून चारही लेबलं वाचली, कागदाशी ताडून पाहिली आणि पावतीवर ‘साधा माल’ असं लिहिलं. खोकी चढली. टेम्पोत शेजारी बसून आम्ही घरी परतलो. माफी तेव्हाच मागायला हवी होती.

पुढच्या महिन्यात त्याच सुताराची दुसरी ऑर्डर आली. मी नवा मांजरपाट आणून अप्पांसमोर ठेवला. म्हटलं, तुम्ही शिवा, लेबलं मी वरून लावते.

त्यांनी कापडाची घडी नीट केली आणि माझ्या हातात परत दिली.

“बेडा, बाई. नको. टेपनं भागतं की.”

खोकी मी टेपने बांधली.