टॅबमधला झाडू

"तू सफाईवाली हो. तुला काही शिकवायला नको."

टीचर हे हसून म्हणाल्या. वाढदिवसाचा केक वाटावा तसं. अख्खा सातवीचा वर्ग हसला. पंखे हसले. भिंतीवरच्या नकाशातला आफ्रिका खंड पोट धरून हसला, मी सांगते ना.

नागरिकशास्त्राचा तास. शाळेत नवेकोरे टॅब आलेले, त्यात एक गेम. एक नगर आणि प्रत्येकाला त्यात एक पात्र. नगराध्यक्ष, डॉक्टर, इंजिनियर, दुकानदार. सगळ्यांनी आपापलं काम केलं तर नगर वाढणार, आणि मार्क सगळ्या वर्गाला सारखे. मला डॉक्टर व्हायचं होतं. मनातल्या मनात मी आमच्या निम्म्या पूनम सागर कॉम्प्लेक्सला इंजेक्शनं टोचून आले होते.

पण पात्रं टीचर वाटत होत्या. माझी मम्मी सिल्व्हर पार्कला टीचरांच्याच बिल्डिंगचे जिने झाडते. ते टीचरांना ठाऊक होतं. आता वर्गालाही झालं.

टॅबमध्ये माझं पात्र उभं राहिलं, एक बाई. हातात झाडू. त्या गेममध्ये कुत्र्याला टोपी घालता यायची. माणसाला निळे केस देता यायचे. उडतासुद्धा यायचं. एवढ्या खोट्या जगात एकच गोष्ट खरी ठेवली होती. माझा झाडू.

मी टॅब बाकावर ठेवला. हात मांडीवर.

बाई थांबली, तसा नगरात कचरा साचायला लागला. आधी बाजारात. मग दवाखान्याच्या दारात. मग असा साचला, असा साचला की भाईंदरच्या खाडीवरचा पूल त्याखाली गडप झाला असता. डास घोड्याएवढे. नगराध्यक्षाची खुर्ची दिसेना. वर्गात दोघांनी नाकाला रुमाल लावला, देवाशपथ.

नगराध्यक्ष झालेला मोनिश बाकावर चढून ओरडला, "ए, झाडू मार ना यार! सबके मार्क्स जा रहे हैं!"

"नगर तुझं आहे. तू मार."

टीचर आल्या. आता हसत नव्हत्या. "अगं, काढ ना कचरा. गेमच आहे."

"गेमच आहे तर मला डॉक्टर करा."

टीचरांनी गेम बंद केला. मम्मीला बोलावलं.

मम्मी कामावरून तशीच आली. टीचरांसमोर हात जोडून उभी राहिली. एवढ्या भागात मला काही वाढवून सांगता येत नाही.

परत येताना शेअर रिक्षात, चार लोकांसमोर, म्हणाली, "खोटाच झाडू होता ना? मारला असतास तर हात झिजले असते? माझं काम गेलं तर?"

"तुझे झिजलेत ना. घरात तेवढे पुरेत."

ती बाहेर बघत बसली.

पुढच्या तासाला टीचरांनी मला डॉक्टर दिली. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. "आता खूश?"

झाले खूश. खोटं कशाला बोलू? कॉलर एवढी ताठ झाली की मान वळेना. तरी वळवली. शेजारी सुफिया बसते. तिचे अब्बू भंगार गोळा करतात. तिच्या टॅबमध्ये माझी जुनी बाई उभी होती, झाडू घेऊन.

टीचर तिला म्हणाल्या, "तुला काही शिकवायला नको."

तेच वाक्य. तेच हसू. वर्गही तोच. फक्त ह्या वेळी मी कोट घालून बसले होते.

मी टॅब पालथा ठेवला.

"टीचर, डॉक्टर पण नको."

"पुन्हा मम्मीला बोलावू?"

"बोलवा."

मम्मीचं काम जाईलही. तिला काय सांगायचं, मला माहीत नाही. पण टीचरांना म्हटलं, चिठ्ठ्या टाका. आळीपाळीनं द्या. मोनिशच्या हातात एकदा झाडू द्या, मग मी बसते खेळायला. आईबाप बघून झाडू वाटणाऱ्या नगरात मी डॉक्टर म्हणूनसुद्धा राहणार नाही. टॅबमधल्याही नाही आणि टॅबबाहेरच्याही नाही.

सुफियानं झाडूवरचं बोट उचललं.

कचरा पडायला लागला.

पडू दे.