कंपाउंडरांचा दहा दिवस राहिलेला चहा

हे आत्ताच सांगते, नाहीतर राहूनच जाईल. पंच्याऐंशीच्या आसपास रत्नागिरीत आमचाच कुत्रा मोती मला चावला. आईने जखमेत तिखट भरलं, काका मोतीला मारायला दांडका घेऊन उठले. दवाखान्यातले कंपाउंडर ते तिखट साबणाने धूत राहिले नि काकांना म्हणाले, "मारलात तर पिसाळलाय का ते कळायचं कसं वो? दहा दिवस बांधून ठेवा. कुत्रा धड राहिला तर पोरगी सुटली." पोटातली इंजेक्शनं मात्र लगेच सुरू केली.

रोज सायकलवरून येऊन ते मोतीपुढे पाणी ठेवायचे, पितो का ते बघत राहायचे. आई चहा विचारायची. ते म्हणायचे, "उद्या."

दहाव्या दिवशीही मोती लपालपा पाणी प्यायला. तेव्हा पायरीवर बसत ते म्हणाले, "वहिनी, टाका आता चहा."

तुमच्यासाठी कुणी असा चहा लांबवलाय का?