वाटून घेतलेलं इंजिन

तव्याला तवा हे नाव गल्लीनं दिलं होतं आणि ते फुकट दिलं नव्हतं. गॅरेजचं शटर वर जायच्या आधी त्याचा पारा वर गेलेला असे. गिऱ्हाइकानं नमस्कार केला तरी हा विचारी, ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? हात सोन्याचा, पण जीभ रंध्यासारखी. जिथं फिरे तिथं साल काढी. धाकटा भाऊ अगदी उलट. त्याला काहीही बोला, तो "बरं" म्हणे, आणि त्या 'बरं'नंच तवा आणखी तापे.

वडील गेल्यावर दोघांनी गॅरेज वाटून घेतलं. फरशीवर पांढरी रेघ ओढली. पाने, हातोड्या, स्टुलं, इकडचं इकडे आणि तिकडचं तिकडे. उरली वडिलांची जुनी, दोन सिलिंडरची मोटारसायकल. तिचे काय दोन तुकडे करणार? पण भांडणाला अक्कल लागत नाही. गाडी रेघेवर उभी केली. डावा सिलिंडर तव्याचा, उजवा धाकट्याचा. ज्यानं त्यानं आपला बघायचा, दुसऱ्याच्याला बोट लावायचं नाही. बायकांनी कपाळावर हात मारला, पण यांचं असं तीन वर्षं चाललं.

वडील मात्र जाताना बजावून गेले होते. दोन्ही सिलिंडर मारतायत तोवर गाडी इथं. एक जरी मुका झाला तर ताईनं घेऊन जायची. ताई म्हणजे या दोघांची थोरली बहीण, आणि तिचं एकदा बोलून झालं की झालंच.

दोन महिने उजवा सिलिंडर मिसिंग मारत होता, मधूनच पेटायचा विसरत होता. ताईच्या कानावर गेलं आणि रविवारी सकाळी ती टेम्पो घेऊन दारात हजर. तव्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांच्या पुढ्यात, त्याच टाकीवर बसून त्यानं पहिल्यांदा जग बघितलं होतं. ती गाडी आता या मेंगळटापायी जाणार!

ताईनं स्टूल ओढलं आणि अकरापर्यंत थांबते म्हणाली.

किक मारली. धड, धड, फुस्स. धाकट्यानं दोन्ही सायलेन्सरच्या नळ्यांवर पाणी शिंपडलं. डावी चरचरली, उजवी गार. त्यानं डावीकडचा प्लग मागितला. तव्यानं तो स्वतःची किडनी काढून द्यावी तसा दिला. अदलाबदल केली तरी उजवाच मुका. वायरी बदलल्या, तरी तेच. प्लगच्या भोकावर अंगठा धरला, तर अंगठा उडाला. म्हणजे दाब ठणठणीत. कार्बोरेटर तर धाकट्यानं आठवड्यात तीनदा धुतला होता. तव्यानं मधल्या वेळात त्याची अक्कल, त्याचे हात आणि त्याला कामाला लावणारं नशीब, सगळ्यांचा उद्धार केला.

"पॉइंट राहिले," धाकटा म्हणाला. "पण झाकण तुझ्या बाजूला आहे."

"माझे पॉइंट दर शनिवारी मी केसाच्या अंतरानं लावतो. बघ, आणि शिक काहीतरी."

तव्यानं तावातावानं झाकण काढलं. आत एकाच गोल प्लेटवर दोन्ही सिलिंडरचे पॉइंट, ठिणगी कधी पडायची ते ठरवणारे, शेजारी शेजारी बसलेले. प्लेटच्या कडेला वडिलांनी छिन्नीनं एक खूण केली होती, तशीच एक इंजिनवर. दोन्ही खुणा समोरासमोर हव्यात. त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या सरकलेल्या होत्या.

तव्यानं दोन्ही खुणांवर अंगठा फिरवला. दर शनिवारी डाव्याचं टायमिंग साधायला त्यानं फिरवली होती ती आख्खी प्लेट. डावा खूश झाला आणि उजवा दर आठवड्याला थोडा थोडा वेळ चुकत गेला. उजव्याला सांभाळून घेणारा बारका स्क्रू तिथंच होता. पण तो तव्याच्या झाकणाखाली, म्हणून धाकट्यानं कधी हात लावला नव्हता.

गुपचूप प्लेट मागे फिरवून टाकावी, असं त्याला क्षणभर वाटलं. ताई घड्याळाकडे बघत होती. पण प्लेट खुणेवर आणून दोन्ही पॉइंट लावायचे तर एकानं इंजिन हातानं फिरवायचं आणि दुसऱ्यानं पॉइंट उघडताना बघायचं. एकट्याचं कामच नाही ते.

"इकडे ये," तवा भिंतीकडे बघत म्हणाला. "उजवा मी बिघडवला. प्लेट मी फिरवत होतो."

धाकटा रेघ ओलांडून आला. "बरं" म्हणाला नाही. दोघांनी अर्धा तास मान वर न करता काम केलं. मग किक बसली आणि दोन्ही सिलिंडर असे मारायला लागले, की टेम्पोवाल्यानं न सांगताच टेम्पो वळवला. ताई उठली.

तेवढ्यात धाकट्याचं तोंड सुटलं. मान लाल, बोट तव्याच्या छातीवर. इतक्या वर्षांत कुणी त्याला असं पाहिलं नव्हतं. इंजिनाच्या आवाजात शब्द कळेनात, नुसते ओठ आणि थुंकी. "दोन महिने" आणि "सगळ्या गल्लीसमोर" एवढंच कसंबसं ऐकू आलं.

तव्याच्याही कपाळाची शीर फुगली. मग त्यानं हात लांब केला, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आता पहिल्यापासून सांग."