सवाष्णीचा हात
ग्रीसचा वास आला की साठ-एकसष्ट सालची आमची गाडी आठवते. पाण्याची गरमी मोजणारं पितळी बोंड इंजिनामागच्या सांदीत होतं. ते बिघडलं म्हणून यजमानांनी शिवाजीनगराहून नवं आणलं, पण त्यांचा हात आत जाईना. "तुझा बारीक आहे, घाल," म्हणाले. मी बांगड्या काढू लागले तर सासूबाई ओरडल्या, "सवाष्णीनं हात मोकळा करायचा नाही!" बांगड्यांसकट हात कोंबला. नवं बोंड बसलं, पण हात ओढताना बांगड्या कचकन फुटल्या आणि मनगटातून रक्त ठिबकू लागलं. यजमान टॉर्च घेऊन इंजिनावर वाकले, "आत काच पडली काय, बघ स्वल्प, जरा वाकून." पुढे यजमान वारले तेव्हा बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या. मी त्यांना थांबवलं, सावकाश एकेक उतरवली. अजून डब्यात आहेत. एकीलाही तडा नाही.